कुंडीत काय लावावे? आधी औषधांची पिशवी पाहा



मी सध्या मुलाकडे अबूधाबीच्या अल रीम आयलंडवर असते. सतराव्या मजल्यावरची गॅलरी, आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. तिच्यात आजच्या घडीला अकरा कुंड्या आहेत. मेथी, कोथिंबीर, लाल माठ, पुदिना, दोन मिरच्या, दोन टोमॅटो, एक वांगे, एक लिंबू आणि एक सब्जा. सांधेदुखीवरच्या लेखात मी जाता जाता लिहिले होते की, सकाळी कुंड्यांपाशी अर्धा तास गेला की माझी बोटे मोकळी होतात. त्यावरून ठाण्याहून, पेणहून आणि थेट दिमोनाहून विचारणा झाली. सगळ्यांचा प्रश्न एकच, आम्ही कुंडीत काय लावावे?

माझे उत्तर नर्सचे आहे. तरुण माणसाने आवडीप्रमाणे लावावे. आपण सत्तरीच्या आसपासच्या माणसांनी मात्र आधी आपली औषधांची पिशवी टेबलावर ओतावी, गोळ्यांची नावे वाचावीत आणि मग बियांचे पाकीट फोडावे. बाजारातली पालेभाजी आपण आठवड्यातून एकदोनदा आणतो. घरची उगवली की रोज खातो, कारण ती वाया जाऊ द्यायला जीव होत नाही. एखाद्या भाजीचे प्रमाण असे अचानक वाढले की काही औषधांवर त्याचा खरोखर परिणाम होतो. हे आजच्या लेखात जरा सविस्तर सांगते.

आधी इथल्या हंगामाविषयी, कारण पुढच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. आपल्याकडे पावसाळा धरून पेरायचे. इथे उलटे. जून ते सप्टेंबर पारा ४५ अंशांवर जातो, समुद्राची दमट हवा वेगळी, आणि टाकीतले पाणी इतके तापते की नळाच्या ‘थंड’ पाण्यानेही रोपाची मुळे भाजावीत. म्हणून इथला भाजीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. ऑक्टोबरमध्ये पेरायचे, थंडीभर खायचे आणि मे महिन्यात बहुतेक कुंड्या रिकाम्या करायच्या. उन्हाळ्यात तग धरतात ती चवळी, भेंडी आणि माठ, तीही वर हिरवी जाळी बांधली तर. टोमॅटोचे झाड उन्हाळ्यात जगले तरी फळ धरत नाही, रात्रीही उकाडा राहिला की फूल गळून पडते. दिमोना-बीरशेबाच्या वाचकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी हेच वेळापत्रक गणपतीनंतर सुरू करावे.

वाळवंटात भाजी पिकवण्याचे वेड इथे नवे नाही. आमच्या शेजारच्या सादियात बेटावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेख झायेद यांच्या पाठिंब्याने अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या लोकांनी प्लॅस्टिकची हरितगृहे उभारली होती. समुद्राचे पाणी गोडे करून, नुसत्या वाळूत, त्यांनी तिथे भाज्या काढल्या. मला हे कळले तेव्हा आपल्या मुंबईची समुद्रमेथी आठवली. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरून कोवळी असतानाच उपटतात ती, मुळांसकट बारीक जुड्या बांधलेली. म्हणजे वाळूतली भाजी आपल्यालाही परकी नाही.

आता ती गोष्ट. आमच्याच इमारतीत चिपळूणच्या एक वहिनी राहतात. लहानपणीच्या संधिवाती तापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली. काही वर्षांपूर्वी धातूची कृत्रिम झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कोणाला वॉरफरिन देतात, आपल्याकडे पुष्कळांना ॲसिट्रोम देतात. तिचा अंदाज घेण्यासाठी आयएनआर नावाची रक्ताची तपासणी असते. वहिनींचा आयएनआर अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहायला हवा होता आणि वर्षभर तो तसा राहतही होता.

एका ऑक्टोबरात त्यांनी गॅलरीत पालक, मेथी आणि माठ लावला. हात चांगला, भाजी भरभरून आली. डिसेंबरपासून रोज दुपारी पालेभाजी, संध्याकाळी पालकाचे सूप. जानेवारीत आयएनआर दीडवर उतरला. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चुकवता का? त्या म्हणाल्या, एकही नाही. खरेच चुकवल्या नव्हत्या. खाण्याविषयी विचारले गेले नाही, त्यांनीही सांगितले नाही. भाजी खाणे हे डॉक्टरला सांगायचे असते असे कोणाला वाटते? गोळीचा डोस वाढवला. आयएनआर जागेवर आला. मग एप्रिल संपला, उन्हाने कुंड्या करपल्या, पालेभाजी बंद झाली. वाढवलेला डोस मात्र चालूच राहिला. मेच्या अखेरीस वहिनींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग दिसले. त्या माझ्याकडे आल्या.

“सिस्टर, कुठे आपटल्याचंही आठवत नाही हो. आणि ब्रश केला की तोंड लाल.”

मी म्हटले, “वहिनी, आजच्या आज रक्त तपासून घ्या. मुलाला बोलावा, मी सोबत येते.”

आयएनआर सहाच्या वर निघाला होता. त्या बऱ्या झाल्या, पण मेंदूत रक्तस्राव झाला असता तर हा लेख मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता. तपासणीच्या खोलीबाहेर बसून आम्ही दोघींनी महिन्यांचा हिशोब मांडला, तेव्हा सगळा उलगडा झाला आणि तो डॉक्टरांना सांगितला.

कारण असे. रक्त गोठण्यासाठी शरीराला ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन आणि ॲसिट्रोम या गोळ्या त्याच जीवनसत्त्वाचे काम अडवतात. हिरव्या पानांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. १०० ग्रॅम पालकात बाईमाणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या सुमारे पाचपट. माठ, मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, पुदिना ही सगळी त्याच घरातली. पाने वाढली की गोळी कमी पडते. पाने बंद झाली की तीच गोळी जास्त होते.

म्हणून पालेभाजी बंद करा असे मी म्हणत नाही. पूर्वी वॉर्डात सरसकट ‘हिरवे बंद’ सांगत असत. आता सल्ला बदलला आहे. रोज साधारण सारखेच प्रमाण ठेवायचे, एकदम वाढवायचे नाही आणि एकदम थांबवायचेही नाही. हंगामी कुंडीशेतीत नेमके तेच घडते, म्हणून माझा आग्रह असा. या गोळ्या घेणाऱ्यांनी घरच्या कुंडीत फळभाजी लावावी. टोमॅटो, मिरची, वांगे, ढोबळी मिरची, मुळा (कंद खावा, पाला वाटून टाकावा), काकडी. पालेभाजीची एखादी छोटी कुंडी ठेवावी, वाटणापुरती. आणि हंगाम सुरू होताना व संपताना दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगून आयएनआर तपासावा. ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन अशा नव्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना पालेभाजीचा हा प्रश्न नाही. कोणती गोळी कोणती हे पाकिटावर वाचा, अंदाजाने ठरवू नका. ‘रक्त पातळ करायची गोळी’ या एका नावाखाली चार वेगळी औषधे असतात.

दुसरी पिशवी मूत्रपिंडवाल्यांची. ज्यांचे क्रिएटिनीन वाढलेले आहे त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठू शकते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर आणखीच, कारण त्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. पोटॅशियम फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बरेचदा आधी काही कळतही नाही. पालक, माठ आणि टोमॅटो यांत ते पुष्कळ असते. अशांनी काकडी, दुधी, ढोबळी मिरची लावावी. पालेभाजी खायचीच तर चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून मग फोडणीला टाकावी. एरवी आपण म्हणतो की भाजीचे पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते. इथे तेच सत्त्व नको असते. मुतखडा होऊन गेला असेल तर पालक रोज नको, त्यात ऑक्झलेट जास्त.

मधुमेहवाल्यांना मेथीची भाजी उत्तम. पण मेथीची कुंडी पाहून कोणी गोळी किंवा इन्सुलिन कमी करू नये. आणखी एक गोष्ट मी बघते. सकाळी इन्सुलिन टोचायचे, ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून गॅलरीत जायचे आणि कुंड्यांत अर्धा तास रमायचे. नाश्ता राहतो, घाम फुटतो, हात थरथरतात. आधी खा, मग खुरपे हातात घ्या. मधुमेहींनी गॅलरीतही अनवाणी जाऊ नये, पायाला काच लागलेली कळत नाही.

आता मातीकडे वळते. इमारतींच्या गॅलरीत बागेची माती आणून ओतण्यात अर्थ नाही, जड होते आणि पाणी धरून बसते. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची कुंडी पंचवीस किलोच्या घरात जाते. मी एक भाग कोकोपीट, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू घेते. इथल्या रोपवाटिकांत ‘गोडी वाळू’ म्हणून मिळते ती घ्यायची. किनाऱ्यावरची उचलून आणलेली वाळू खारट, तिच्यात बी रुजत नाही. मीना भागातल्या रोपांच्या बाजारात हे सगळे मिळते, आणि घासाघीस केली तर दुकानदार रागावत नाहीत.

मुंबईकरांना पिशव्या विकत घेण्याचीही गरज नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याची माती करून थोड्या जागेत भाजी काढायला कितीतरी लोकांना शिकवले. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाची चिपाडे भरून भाज्या आणि फळे घेतली. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघराचा ओला कचरा जिरवून बाग उभी केली. चिपाडे आणि पाला यांची माती हलकी असते, म्हातारपणी कुंडी सरकवायची तर हा मोठाच फायदा.

पण मातीच्या पिशवीत एक धोका असतो तो सांगते. कुंडीच्या तयार मातीत आणि कंपोस्टमध्ये लिजिओनेला जातीचा एक जंतू वाढू शकतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियात बागकाम करणाऱ्यांना न्यूमोनिया झाला आणि त्याचे मूळ कुंडीच्या मातीत सापडले. ही धूळ श्वासातून आत गेली की आजार होतो, आणि वय झालेल्यांना, दमेकऱ्यांना व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो जास्त सतावतो. उपाय सोपे आहेत. पिशवी बंद खोलीत उघडू नये. तोंड लांब ठेवून कात्रीने कापावी, आत वास घेण्यासाठी नाक घालू नये. आधी थोडे पाणी शिंपडून माती ओलसर करावी. कोविडच्या वेळचे मास्क कपाटात पडलेलेच आहेत, ते वापरावे. नंतर साबणाने हात धुवावेत. ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा जे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांनी खत ढवळण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यावे, कारण बुरशीची धूळही त्यांना बाधते. मातीत हात घातल्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना ‘मी कुंड्या भरल्या होत्या’ हे आवर्जून सांगा.

आणि धनुर्वात. आमच्या उमेदवारीच्या काळात धनुर्वाताच्या रुग्णाची खोली काळे पडदे लावून अंधारी ठेवत. आम्ही चपला काढून आत जायचो. भांडे वाजले, दार आपटले की रुग्णाचे अंग धनुष्यासारखे ताठ व्हायचे. ज्याने ते पाहिले तो विसरत नाही. त्या जंतूची बीजे मातीत आणि शेणात असतात, काटा टोचला एवढेही पुरते. आपल्या पिढीतल्या बायकांना बाळंतपणात एकदोन इंजेक्शने मिळाली असतील, पुरुषांना कित्येकदा तीही नाहीत. तीन डोसांचा पहिला क्रम आणि पुढे दर दहा वर्षांनी एक, असा त्याचा नियम आहे. शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर खुरपे विकत घेण्याआधी दवाखान्यात जाऊन या. हातमोजे घाला, शिवणकामाचे नव्हे, बागेचे जाड.

पाण्याविषयी थोडे. इथले नळाचे पाणी म्हणजे गोडे केलेला समुद्र. खते आणि पाणी यांतले क्षार कुंडीत साठत जातात, मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी पुटे चढतात, पानांच्या कडा जळतात. महिन्यातून एकदा कुंडी बुडातून पाणी वाहीपर्यंत नीट धुवून काढावी. बुडाला भोक नसलेली शोभेची कुंडी भाजीला उपयोगाची नाही. उन्हाळ्यात बादलीत रात्रभर पाणी झाकून ठेवून निवलेले घालावे.

‘झाकून’ हा शब्द महत्त्वाचा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कुंडीखालची ताटली त्याची फार आवडती जागा. ती अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जिवंत असतात, पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतून भागत नाही, काथ्याने घासावी लागते. वाळवंटात कसला डास, असे म्हणू नका. १६ एप्रिल २०२४ रोजी या देशात असा पाऊस झाला की अल ऐनजवळच्या एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. आमच्या गॅलरीतली प्रत्येक ताटली, डबा आणि बादली त्या दिवशी भरून वाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिले काम केले ते सगळे उपडे करण्याचे.

जे शब्बाथ पाळतात त्यांना एक अडचण येते. झारी उचलायची नाही, आणि एप्रिलच्या उन्हात लहान कुंडी एका दिवसात सुकते. मी शुक्रवारी दुपारी वाती लावते. जाड सुती दोरी घ्यायची, पाण्यात भिजवून पिळायची. एक टोक कुंडीच्या शेजारी स्टुलावर ठेवलेल्या बादलीच्या तळाशी, दुसरे टोक कुंडीतल्या मातीत बोटभर खोल. दोरी पाणी ओढून घेते आणि माती लागेल तेवढे पिते. बादलीवर झाकण, झाकणाला दोरीपुरते भोक. मोठ्या कुंडीत, लिंबाच्या वगैरे, मी झिलई नसलेले एक लहान मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. ते भरून झाकले की दोन दिवस पाझरत राहते. कोणाला अचानक इस्पितळात जावे लागले तरी ही सोय उपयोगी पडते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर डॉक्टर काही दिवस वाकू नका, वजन उचलू नका असे सांगतात, तेव्हा माझ्या कुंड्या अशाच जगल्या.

शरीराची बाजू. कुंड्या जमिनीवर ठेवू नका. लाकडी बाक, जुने टेबल किंवा लोखंडी मांडणी घ्या आणि कुंडीची कड कमरेच्या उंचीवर आणा. खाली उकिडवे बसून एकदम उठले की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही घेणाऱ्या पुरुषांना हे फार होते. खुब्याचे हाड मोडून आलेले किती रुग्ण ‘जरा झाडांना पाणी घालत होतो’ असे सांगत, त्याची गणती नाही. सांडलेले पाणी लगेच पुसा, रबरी तळाची चप्पल घाला, भरलेली कुंडी एकट्याने उचलू नका. चाकांची पाटी मिळते ती खाली ठेवा. कठड्यावर चढणे, स्टुलावर उभे राहणे अजिबात नको. कठड्यावर कुंडी टांगायचीही नाही. सतराव्या मजल्यावरचा वारा काय करतो ते मी पाहिले आहे, आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचे नियम असतात ते आधी विचारून घ्यावेत.

उन्हाचे तर सरकारच सांगते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात इथे मजुरांकडून उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. धडधाकट तरुणांसाठी हा नियम, तर आपण त्या वेळी गॅलरीचे दारही उघडू नये. वयानुसार तहान कमी लागते, लघवीच्या गोळीने पाणी आणखी जाते. मी कुंड्यांना एक झारी घातली की स्वतः एक पेला पिते, असा हिशोब ठेवला आहे. मात्र हृदयाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे त्यांनी ते मोडू नये, सावलीत लवकर परतावे. कोणी उन्हात गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंग तापून घाम थांबला, तर ओल्या फडक्यांनी गार करा आणि इथे ९९८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

किडीसाठी मी अर्धा चमचा साधा भांडी घासायचा साबण एक लिटर पाण्यात घालून पानांच्या मागे फवारते आणि तासाभराने धुते. मावा त्याने जातो. पिठ्या ढेकूण कापसाने पुसून काढायचा. विषारी औषध घरात आणूच नये, आणि आणलेच तर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. तहान लागली म्हणून तशी बाटली तोंडाला लावलेला रुग्ण मी एकदा नव्हे, अनेकदा सांभाळला आहे. शोभेचे अडेनियम इथे घरोघर असते, फूल देखणे, पण त्याचा चीक हृदयाला विषारी. भाजीच्या रांगेत आणि नातवंडांच्या हाताशी ते नको.

पालेभाजी निवडताना प्रत्येक पान उलटून पाहायची आपल्या घरातली सवय आहे, अळी पोटात जायला नको म्हणून. ती घरच्या भाजीलाही लावावी. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे, मग वाहत्या पाण्यात दोनदा. शेणखत वापरत असाल तर पुरे कुजलेलेच, आणि कच्चे खायच्या पानांना तर ताजे खत मुळीच नको.

आमच्या मजल्यावर मधमाशी येत नाही. टोमॅटोला फुले आली की सकाळी दहाच्या सुमारास दांडीला बोटाने हलकी टिचकी मारायची, पराग पडतो. काकडी-दुधीला नर फूल तोडून मादी फुलाला लावावे लागते. मादी फुलाच्या मागे बारीकशी काकडी दिसते, त्यावरून ओळखावे. काकडीच्या काही जातींना याची गरज नसते, पाकिटावर लिहिलेले असते. माझ्या नातवाला हे काम फार आवडते.

पेणच्या बाईंनी सब्ज्याबद्दल विचारले होते. तू बिशवातच्या मलिद्याला ताजी डहाळी हवी असेल तर बी नोव्हेंबरअखेर पेरा. आठवड्याभरात रुजते, दोन महिन्यांत डहाळ्या काढण्याजोगे होते. आठ इंची कुंडी पुरते. तुरे येऊ लागले की खुडत राहावे, म्हणजे पाने येत राहतात.

शेवटचा प्रश्न ठाण्याचा. त्यांच्याकडे गॅलरीच नाही, खिडकी आहे, तीही काचबंद. अशांनी टोमॅटोच्या नादी लागू नये. पसरट ट्रेमध्ये तीन इंच कोकोपीट आणि वाळू घालून मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत, दहाएक दिवसांत समुद्रमेथीसारखी कोवळी मेथी कापता येते. दर आठवड्याला एक ट्रे पेरला तर प्रमाणही सारखे राहते, म्हणजे वॉरफरिनवाल्यांनाही डॉक्टरांना सांगून ते जमेल. पण काचेआडून आलेल्या उन्हाने आपल्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. तेव्हा मेथीला खिडकीत ठेवा आणि तुम्ही स्वतः सकाळी थोडा वेळ खाली उतरा, हातांना आणि पायांना ऊन लागू द्या. ‘ड’ जीवनसत्त्व तपासलेले नसेल तर पुढच्या रक्त तपासणीत तेही लिहून घ्या.